आहेराची वही

लग्नाच्या मांडवात शिरताना दाराशी एक टेबल मांडलेले असते. टेबलावर हळदकुंकू लावलेली लांबट वही, बॉलपेन, सुट्ट्या नाण्यांचा डबा आणि टेबलामागे घरातला सर्वांत हिशेबी माणूस. कोणी एकशे एक दिले, कोणी पाचशे एक, कोणी पातेले, कोणी साडी. सगळे नावानिशी उतरते. लग्न उरकले की वही कपाटात जाते आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा निघते. ‘त्यांनी आपल्या पोरीच्या लग्नाला पाचशे एक केले होते, आपल्याला निदान तेवढे तरी करायला हवेत,’ असे म्हणत पाकीट भरले जाते. ही वही खोटी नाही. नाती धरून ठेवायचे काम ती करते. पण त्या वहीवरून कोणी पाहुण्यांची लायकी ठरवू लागला, तर गाव त्याला शहाणा म्हणणार नाही.

सप्टेंबर सरत आला की आम्हाला या वहीची आठवण होते. कारणे दोन. पहिले, 29 सप्टेंबरचा जागतिक हृदयदिन. तो 2000 पासून पाळला जातो आणि 2011 पासून त्याची तारीख पक्की झाली. दुसरे, साधारण त्याच सुमारास येणारी ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी ती तयार करतात. यादी आली की जिल्ह्याच्या पानांवर अभिनंदनाच्या चौकटी सुरू होतात, महाविद्यालयांच्या फाटकांवर फ्लेक्स चढतात, त्यावर शास्त्रज्ञाच्या फोटोपेक्षा संस्थाचालकांचे फोटो मोठे असतात. आम्हीही त्या चौकटी छापतो आणि जाहिरातीचे पैसे घेतो. तेव्हा या लेखात जो दोष काढला जाईल, त्याचे पहिले बोट आमच्याकडेच आहे.

या यादीत हृदयरोग, मधुमेह, रक्तदाब या विषयांतले संशोधक नेहमीच मोठ्या संख्येने असतात. ते कर्तबगार नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण यादी बनते कशी, हे शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या चौकात फ्लेक्स वाचणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही. शोधनिबंधाच्या शेवटी, आपल्याआधी कोणी काय केले याची नोंद द्यावी लागते. त्या नोंदीत तुमच्या निबंधाचे नाव आले की तुमच्या खात्यावर एक उल्लेख जमा होतो. या उल्लेखालाच सायटेशन म्हणतात. एकूण किती उल्लेख झाले, पहिल्या किंवा शेवटच्या नावाचा मान मिळालेल्या निबंधांचे किती झाले, अशा आकड्यांच्या बेरजेतून ही यादी निघते. थोडक्यात, ती विज्ञानाच्या मांडवातली आहेराची वही आहे.

मुळात ही वही लायकी ठरवण्यासाठी काढलेलीच नव्हती. युजीन गारफिल्ड या अमेरिकी गृहस्थांनी 1955 मध्ये उल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि 1964 मध्ये तिचा पहिला मोठा ग्रंथ बाजारात आणला. ही कल्पना त्यांना वकिलांच्या कपाटात सापडली. जुन्या निकालाचा दाखला कोर्टात देण्याआधी तो निकाल पुढे कोणी फिरवला तर नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या वकिलांकडे 1873 पासून तशी सूची होती. गारफिल्ड यांनाही तेच हवे होते. एखाद्या निबंधावर पुढे कोणी काय म्हटले, कोणी तो खोडून काढला, हे शोधता यावे. पारखण्याचे साधन होते ते. पुढे त्याचा तराजू झाला. 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी एच निर्देशांक काढला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक वीस. बढती, अनुदान, पुरस्कार या सगळ्यांसाठी हा एकच आकडा विचारणे सोपे झाले आणि जे सोपे असते ते रूढ व्हायला वेळ लागत नाही.

मग जे व्हायचे तेच झाले. आहेराची परतफेड सुरू झाली. तुम्ही माझा उल्लेख करा, मी तुमचा करतो. काही जण स्वतःच्याच लग्नात स्वतःच आहेर करू लागले, म्हणजे प्रत्येक नव्या निबंधात आपलेच दहा जुने निबंध. इओनिडिस यांनी आपल्या यादीत हे स्व-उल्लेख वगळून वेगळे आकडे दिले आहेत; पण फ्लेक्सवर तो रकाना येत नाही. शिवाय मांडव लहान-मोठे असतात. हृदयरोग हे मोठे गाव. तिथल्या लग्नाला दोन-दोन हजार पान उठते, एकेका चाचणीवर शंभर-शंभर नावे असतात, तिथली वही जाड होणारच. विंचूदंश ही पाच घरांची वाडी. तिथे कितीही जीव ओतला तरी पाने भरत नाहीत.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे या वहीत शिवी आणि ओवी एकाच भावाने जमा होते. मे 2020 मध्ये, करोनाचा कहर असताना, ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात एक निबंध आला. सहा खंडांतील 671 रुग्णालयांतील 96 हजारांवर रुग्णांची माहिती वापरल्याचा त्यात दावा होता. त्याच गटाचा, हृदयरोग आणि करोना यांच्यावरचा आणखी एक निबंध अमेरिकेतल्या तितक्याच मोठ्या नियतकालिकात आधीच छापला गेला होता. जगभर धावपळ झाली, औषधांच्या चाचण्या थांबल्या. मग कोणीतरी साधा प्रश्न विचारला: मूळ नोंदी दाखवा. माहिती पुरवणारी कंपनी त्या दाखवू शकली नाही. दोन्ही निबंध 4 जून 2020 रोजी, एकाच दिवशी, मागे घेतले गेले. तरीही पुढे अनेकांनी त्यांचे उल्लेख केले आणि त्यातल्या कितीतरी जणांनी निबंध मागे घेतल्याचे लिहिलेसुद्धा नाही. उल्लेखांची वही भरत राहिली. मूळ नोंदींची वही मात्र कोणी कधीच पाहिली नाही.

विज्ञानजगताला हे कळत नाही असे नाही. डिसेंबर 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी जाहीरनामाच काढला, की माणसाचे काम नियतकालिकाच्या आकड्यावरून जोखू नये, काम वाचून जोखावे. जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. आपल्याकडेही लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात. टेबल मात्र दाराशी मांडलेलेच असते.

मग मोजायचे कशात? आमचे म्हणणे एवढेच, की दुसरी एक वही पाहावी. शोध ज्या वहीतून निघाला ती, आणि ज्या वहीत तो परत आला ती. महाराष्ट्रात हृदयाच्या संशोधनाची दोन उदाहरणे अशी आहेत, की त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हे म्हणणे आपोआप उलगडते.

पहिले उदाहरण महाडचे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा त्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. मूळचे ते मराठवाड्यातले, गरीब शेतकरी घरातले. त्यांनी आपली कहाणी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या पुस्तकात सांगितली आहे. कोकणातल्या जांभ्याच्या दगडात, गवताच्या भाऱ्यात, भाताच्या खाचरात लाल विंचू भरपूर. संध्याकाळी दंश झालेले माणूस घामाने थबथबलेले, ओकत, गारठलेल्या हातापायांनी केंद्रात यायचे आणि पहाटेपर्यंत फुफ्फुसात पाणी होऊन, तोंडातून लालसर फेस येऊन जायचे. त्यात लहान मुलेही असत. वैद्यकाच्या पुस्तकात यावर धड उपाय नव्हता. अमुक इंजेक्शन द्या, तमुक द्या आणि वाट पाहा, एवढेच.

बावस्करांनी काय केले, तर ते खाटेशेजारी बसले. रक्तदाब किती, नाडी किती, हातपाय कोमट झाले का, घाम कधी थांबला, हे तासातासाला लिहीत गेले. त्या नोंदींतून चित्र उमटले. विंचवाचे विष नसांच्या टोकांना असे चेतवते, की अंगात एकदम ताणाच्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकून हरते. म्हणजे माणूस विषाने थेट मरत नाही, त्याचे हृदय दमवून मारले जाते. धोक्याच्या खुणा सांगणारा त्यांचा निबंध 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मधल्या काळात पुण्यात राहून ते एमडी झाले आणि पुन्हा कोकणात गेले. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध हवे, हे वहीने सांगितलेच होते. तसे औषध दुकानात होतेही: प्राझोसिन, रक्तदाबाची एक साधी गोळी. ती देऊन पाहिल्याचे निष्कर्ष 1986 मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. पूर्वी गंभीर विंचूदंशात शंभरातले तीस-चाळीस दगावत; ते प्रमाण एकाच्या आसपास उतरले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2011 मध्ये याच महाडच्या रुग्णालयातून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक चाचणी छापून आली. रुग्ण फक्त 70. निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना त्याबरोबर विंचवाच्या विषावरचे प्रतिविष. दहा तासांनी पहिल्या गटातले 8 जण पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटातले 32. ज्या प्राझोसिनने नाव मिळवून दिले, तेच एकटे पुरेसे नाही, असे त्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून छापले. उल्लेखांच्या हिशेबात हा एक निबंध. वहीच्या हिशेबात हा प्रामाणिकपणाचा दाखला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण जगातल्या मोठ्या हृदयतज्ज्ञांच्या शेजारी त्यांच्या उल्लेखांचा आकडा ठेवाल तर तो लहानच दिसेल. कारण ज्यांना विंचू चावतो ते शोधनिबंध लिहीत नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातले आहे. पण त्याची सुरुवात सातासमुद्रापलीकडे, सायकलवरून फिरणाऱ्या दायांपासून होते. इंग्लंडमधील हर्टफोर्डशायर परगण्यात 1911 पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी दायांची आणि परिचारिकांची फळी उभी केली. बाळ जन्मले की त्याचे वजन लिहायचे, वर्षभराने पुन्हा वजन घ्यायचे, अंगावर पिते की बाटलीने, दात किती आले, हेही लिहायचे. त्या वह्या पुढे अडगळीत पडल्या. ऐंशीच्या दशकात साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी त्या शोधून काढल्या आणि 1911 ते 1930 मधील त्या बाळांचे म्हातारपणी काय झाले, ते पाहिले. 1989 मध्ये निष्कर्ष छापला: ज्या मुलांचे वजन वर्षाच्या वयाला सर्वांत कमी होते, ती पुढे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत जास्त. हृदयाचे दुखणे पन्नाशीत उगवते, पण पेरणी आईच्या पोटात होते, या विचाराने वैद्यकशास्त्र हलले. बार्कर यांच्या त्या निबंधाचे उल्लेख हजारोंनी झाले. बर्नसाइडबाईंच्या खात्यावर एकही नाही. त्यांनी निबंध लिहिलाच नव्हता. त्यांनी फक्त वजनकाटा खोटा पडू दिला नाही.

हा धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उचलला. मधुमेहाकडे बघता बघता ते गर्भापर्यंत पोहोचले. 1993 च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या गटाने काम सुरू केले. बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांची उंची, वजन, आहार, काम यांच्या नोंदी घेतल्या. खेड्यातली बाई सकाळी किती हंडे पाणी आणते, दुपारी रानात काय करते, हे वैज्ञानिक नोंदीत यायला इतकी वर्षे लागली. या खेड्यांतील 631 बाळांची तुलना 2003 मध्ये साउदम्प्टनच्या बाळांशी झाली. आपल्या बाळाचे वजन सरासरी 2.7 किलो, तिकडच्याचे 3.5. म्हणजे आपले बाळ बारीक. पण चिमट्याने पाठीची कातडी मोजली तेव्हा कळले, की स्नायू कमी पडले तरी चरबी जवळपास तेवढीच आहे. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. ‘बारीक पण चरबीदार भारतीय बाळ’ ही कल्पना तिथून जगभर गेली.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक लहानसा मजकूर तर कोणीही समजून घ्यावा असा आहे. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, अगदी तंतोतंत सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. काटा ज्याला ‘ठीक’ म्हणतो, त्याच्या पोटात मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा सावकार दबा धरून बसलेला असू शकतो, हे दोन माणसांच्या एका फोटोने सांगितले. ‘आमच्यात कोणी जाड नाही, मग साखर कुठून आली?’ असे आपल्याकडे घराघरात विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर त्या फोटोत आहे.

आता याची दुसरी बाजू. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. 1948 पासून तिथल्या 5,209 स्त्रीपुरुषांच्या हृदयाचा पाठपुरावा सुरू झाला. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांना आपण आज सहजपणे हृदयविकाराचे धोके म्हणतो, ती भाषाच त्या गावातून आली. आज जगातला प्रत्येक हृदयतज्ज्ञ त्या गावाचे नाव घेतो. गावाची पाटीच शास्त्रात लागली. आपल्या सहा खेड्यांची पाटी मात्र ‘पुणे अभ्यास’ या नावात विरघळून गेली. माणसांची नावे झाकणे हे संशोधनाच्या नीतीत बसते आणि ते योग्यच आहे. पण गावाचे ऋण मान्य करायला कोणती नीती आड येते?

शिरूर तालुका या शास्त्राला परका नाही. वढू बुद्रुकला केईएमचे ग्रामीण काम डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात उभे केले. गावातल्याच बायकांना हाताशी धरून आरोग्य घरापर्यंत नेता येते, हे त्यांनी दाखवले आणि 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून त्याच वढूच्या केंद्रातून शिरूर आणि हवेली तालुक्यांतील 22 गावांत घरोघरी जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद ठेवली जाते. जगातल्या मोठमोठ्या निबंधांना पुरणारी ही माहिती वढूच्या, कोरेगाव भीमाच्या परिसरातल्या ओसरीवर बसून विचारलेल्या प्रश्नांतून येते.

आणि खरे तर आपल्या मातीची वही त्याहून फार जुनी आहे. न्हावऱ्यापासून जवळ, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी 1968 पासून पुढे बारा-पंधरा वर्षे तिथे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत लहान मुले पुरलेली सापडली, तीही एक-दोन नव्हेत. अभ्यासकांनी त्या मुलांचे दात, त्यांची हाडे मोजली. वस्तीच्या उत्तरकाळात मुलांची वाढ खुंटल्याचे ग्वेन रॉबिन्स शुग यांच्या अभ्यासातून 2011 मध्ये पुढे आले. म्हणजे आई काय खाते आणि पोटातले लेकरू कसे वाढते, हा प्रश्न घोडकाठाला आज पडलेला नाही. इथल्या आयांनी त्याची नोंद रांजणात ठेवली होती; वाचायला आपल्याला तीन हजार वर्षे लागली.

आता आजच्या वहीकडे येऊ. गावातली आशाताई दुपारी ओसरीवर बसते. हातात तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठीचा तपासणीचा फॉर्म. तंबाखू, मिश्री आहे का? घरात कोणाला साखर, बीपी? मग पिशवीतून शिंप्याची असते तशी टेप निघते. ‘बाई, कंबर मोजायची,’ म्हणताच समोरची बाई पदर तोंडाला लावून हसते. लुगड्याच्या निऱ्यांवरून टेप फिरते. बाईची कंबर 80 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, त्यापुढे एक, 90 च्या पुढे दोन. वजनकाट्यावर ती बाई बारीकच भरेल. पण टेप पोटाचा घेर विचारते. बारीक माणसातही धोका लपलेला असतो, हे याज्ञिकांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी जगाला सांगितले. ते सांगणे त्या टेपच्या रूपाने ओसरीवर परत आले आहे. टेपवर कोणाचे नाव नाही. उल्लेखांच्या कुठल्याही यादीत ही नोंद पडत नाही. आमच्या मते तो सर्वांत मोठा उल्लेख आहे.

पण सगळेच परतून आलेले नाही. त्याच सहा खेड्यांतील दोनतृतीयांश गरोदर बायकांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता दिसली होती. फॉलिक ॲसिड भरपूर आणि ब-12 कमी अशा आयांची मुले सहाव्या वर्षीच मधुमेहाच्या वाटेला लागल्याची लक्षणे दाखवतात, हे याज्ञिकांच्या गटाने 2008 मध्ये छापले. ती मुले मोठी झाल्यावर 2012 पासून त्यांनाच ब-12 देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हेही पाहिले गेले; त्यांच्या बाळांच्या बौद्धिक वाढीत दुसऱ्या वर्षी फरक दिसल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. उपकेंद्रात मात्र गरोदर बाईला मिळणारी गोळी आजही लोह आणि फॉलिक ॲसिडचीच आहे. एका अभ्यासावर देशाचे धोरण बदलू नये, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या खेड्यांतून प्रश्न निघाला, त्या खेड्यांच्या गोळीबद्दल निदान जाहीर चर्चा व्हावी, निर्णय काय आणि का, हे सांगितले जावे. जगभर उल्लेख झालेला निष्कर्ष गावच्या उपकेंद्राच्या पायरीशी अडतो, तेव्हा अडचण शास्त्रज्ञाची नसते, वाटेची असते.

आणि ज्यांची नोंद कोणत्याच वहीत नाही, त्यांचे काय? शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात हंगामाला टोळ्या उतरतात. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून लिहिलेली असते आणि उचल किती घेतली ते चोख लिहिलेले असते. त्या बाईला सातवा महिना आहे का, तिचे बीपी कोणी पाहिले का, पहाटे थंडीत मोळ्या वाहताना तिने काय खाल्ले, हे लिहायला रकाना नाही. तिचे नाव गावाकडच्या आशाताईच्या नोंदवहीत राहिले, ती इथे कोपीत. बारीक, चरबीदार बाळाच्या गोष्टीतली ही आई आहे आणि तिच्यावाचून ती गोष्ट अपुरी आहे.

म्हणून हृदयदिनाच्या निमित्ताने आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. गावोगावच्या रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीत किती सापडले, किती जणांच्या गोळ्या चालू आहेत, किती जणांचा दाब आटोक्यात आला, हे आकडे वर पाठवून थांबू नयेत. वर्षातून एकदा ते ग्रामसभेत वाचले जावेत. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर तपासणीची वही हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच पोहोचावी आणि गावाकडच्या वहीशी तिचा मेळ घालावा. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक केंद्रात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला नोंदी ठेवायला आणि त्यावर लिहायला वेळ आणि मदत मिळावी. पुढचा बावस्कर अशाच एखाद्या केंद्राच्या रात्रपाळीत बसलेला असू शकतो. आणि संशोधकांनी आपल्या निबंधात, माणसांची नावे झाकूनही, ज्या गावांनी दारे उघडली त्या गावांचे ऋण ठळक शब्दांत मांडावे.

आमच्याकडूनही एक गोष्ट ठरली आहे. यंदा यादी येईल, फ्लेक्स लागतील, चौकटी येतील. त्या आम्ही छापू, अभिनंदनही मनापासून करू. आहेर नाकारण्याइतके आम्ही मोठे नाही. फक्त चौकटीचा मजकूर घेऊन जो येईल, त्याला पैसे घेण्याआधी एक प्रश्न विचारू: हा शोध कोणत्या गावच्या वहीतून निघाला? उत्तर आले, तर त्या गावाचे नाव शास्त्रज्ञाच्या नावाखाली त्याच जाडीच्या अक्षरात छापू, आणि त्या ओळीचे पैसे घेणार नाही.